सडाफटिंगाभोवतीच्या स्त्रिया : वुडहाऊसच्या बर्टी वूस्टर-कथांतील स्त्रीचित्रणाचा एक विचार

पी. जी. वुडहाऊस (१८८१–१९७५) या इंग्रज विनोदकाराशी मराठी सुशिक्षित वाचकाचा स्नेह जुना आहे. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या थोर विनोदकाराला तो अत्यंत प्रिय होता, आणि पु. लं.च्या प्रेमामुळे तो अनेक मराठी घरांत पोहोचला. परंतु ज्या लेखकावर आपण मनापासून प्रेम करतो त्याचा अभ्यास करण्याचे बहुधा टाळतो. वुडहाऊसविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते त्याच्या भाषेविषयी, उपमांविषयी आणि जीव्ज या अलौकिक चाकराविषयी. बर्टी वूस्टर या त्याच्या अविवाहित नायकाभोवती ज्या स्त्रिया वावरतात त्यांच्याबद्दल दोन शब्दांत निकाल लावला जातो: काही आत्या, काही ‘गळेपडू’ मुली, आणि त्यांच्या तावडीतून निसटणारा बिचारा बर्टी.

हा निकाल मीही अनेक वर्षे मान्य करीत होतो. तौलनिक साहित्याच्या तासाला ‘राइट हो, जीव्ज’ (१९३४) या कादंबरीची चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यांतल्या एकाही मुलीला बर्टी नकोच आहे. मग तो पळतो कोणापासून?” त्या तासाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला विचार आहे.

प्रथम निवेदनाचा मुद्दा ध्यानात घ्यावा लागेल. बर्टी आणि जीव्ज १९१५ मध्ये एका लघुकथेत प्रथम अवतरले. या मालिकेतील शेवटची कादंबरी १९७४ मध्ये आली. सुमारे साठ वर्षांच्या या लेखनात दोन अपवाद वगळता सर्वत्र निवेदक स्वतः बर्टीच आहे. म्हणजे या स्त्रिया आपल्याला दिसतात त्या एका घाबरलेल्या, सुस्वभावी, अल्पबुद्धी आणि सधन तरुणाच्या डोळ्यांनी. अगाथा आत्या ही नरभक्षक श्वापदासारखी वाटते, ऑनोरिया ग्लॉसपचे हसणे म्हणजे पत्र्याच्या पुलावरून घोडदळ जावे तसा कल्लोळ वाटतो, तो बर्टीला. विनोदी कथेत निवेदकाच्या अतिशयोक्तीला आपण इतके सरावतो की तिलाच वस्तुस्थिती मानू लागतो. निवेदक काय म्हणतो ते थोडा वेळ बाजूला ठेवून पात्रे प्रत्यक्षात काय करतात एवढेच पाहिले, तर चित्र बरेच पालटते.

मॅडलिन बॅसेटचे उदाहरण घेऊ. ही अतिभावुक तरुणी, तारकांकडे पाहून तिला फुलांचे हार आठवतात, आणि बर्टीला तिच्या सहवासाच्या कल्पनेनेही कापरे भरते. वाचकाच्या स्मरणात ती बर्टीला ‘चिकटलेली’ मुलगी म्हणून राहते. प्रत्यक्षात घडते ते असे. बर्टीचा मित्र गसी फिंक-नॉटल हा पाण्यातील सरड्यांसारख्या न्यूट नावाच्या जीवांचा अभ्यासक. तो लाजाळू असल्यामुळे त्याच्या वतीने बर्टी मॅडलिनजवळ प्रेमाचा विषय काढतो. तिला वाटते की हा स्वतःविषयीच बोलतो आहे. ती त्याला अत्यंत हळुवारपणे नकार देते. पुढे बक्षीस-समारंभात दारूच्या अमलाखाली गसी जे अचाट भाषण करतो त्यामुळे तिचे त्याच्याशी बिनसते, आणि ती बर्टीला कळवते की तुझ्या निष्ठेचा मान राखून मी तुझ्याशी विवाह करीन. येथे कोण कोणाचा पाठलाग करीत आहे? मॅडलिनचे बर्टीवर प्रेम नाही. तो आपल्यासाठी झुरतो आहे अशी तिची प्रामाणिक समजूत आहे आणि त्याच्यासाठी ती त्याग करायला निघाली आहे. बर्टीचेही तिच्यावर प्रेम नाही. परंतु स्त्रीला ‘तुझा गैरसमज झाला आहे’ असे सांगणे वूस्टर घराण्याच्या रीतीत बसत नाही, म्हणून तोही त्यागालाच सिद्ध आहे. दोन माणसे परस्परांवर दया करण्याच्या भरात एकमेकांचे आयुष्य नासवायला निघाली आहेत. हा विनोद गळेपडू स्त्रीचा नाही. शिष्टाचाराच्या एका जुन्या संकेतात दोघेही सारखेच अडकल्याचा हा विनोद आहे.

ऑनोरियाचेही तसेच. बर्टी तिच्या धाकट्या भावाला पुलावरून पाण्यात ढकलतो, कारण मित्र बिंगो लिटल याने त्याला वाचवून ऑनोरियाचे मन जिंकावे असा त्याचा बेत असतो. बिंगो ऐन वेळी जागेवर नसतो. मग बर्टीलाच पाण्यात उडी घ्यावी लागते, आणि हे सारे साहस आपल्यासाठी होते असा अर्थ ऑनोरिया लावते. डोळ्यांसमोर जे घडले त्यावरून दुसरा कोणता अर्थ लावता आला असता, हे तिच्यावर हसणाऱ्याने सांगावे.

या संकेतामागे कायद्याचीही एक पार्श्वभूमी आहे, आणि ती मराठी वाचकाला सहसा माहीत नसते. इंग्लंडमध्ये विवाहाचे वचन मोडल्याबद्दल न्यायालयात नुकसानभरपाई मागता येत असे, आणि अशी दाद मागणाऱ्या बहुधा स्त्रिया असत. ज्या समाजात विवाह हीच स्त्रीची उपजीविका होती, त्या समाजात मोडलेले वाङ्निश्चय म्हणजे बुडालेली मिळकत होती. वुडहाऊसच्या कथांतून हे विवाहवचनभंगाचे दावे वारंवार डोकावतात. १९६० च्या दशकातील एका कथेत खुद्द बर्टीवर अशा दाव्याची धमकी येते. १९७० च्या कायद्याने दाव्याचा हा हक्क रद्द झाला. त्यानंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मच ऑब्लाइज्ड, जीव्ज’ या कादंबरीत मॅडलिन आणि फ्लॉरेन्स या दोघी पुन्हा अवतरतात आणि बर्टी पूर्वीइतकाच घाबरतो. कायद्याच्या धाकाने तो कधीच बांधलेला नव्हता, हे यावरून दिसते. त्याला बांधणारी गोष्ट त्याच्या अंतरंगातच आहे, आणि तो विनोदी पात्र असूनही आपल्याला आवडतो तो नेमका यामुळे.

आता दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा मुद्दा. या कथांतील स्त्रिया कारस्थानी आहेत, हे खरेच आहे. चोऱ्या करायला लावणे, धमकावणे, खोट्या बातम्या छापणे यांत त्यांना काहीच वाटत नाही. पण त्या कारस्थाने का करतात हे पाहू लागलो की जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट हाती लागते: पैसा किंवा संमती ही दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुधा एखाद्या वयस्क पुरुषाच्या, मुठीत आहे.

‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (१९३८) मधील स्टिफी बिंग हिचे एका गरीब सहायक धर्मोपदेशकावर प्रेम आहे. तिचा पालक असलेला चुलता सर वॉटकिन याच्या हाती तिच्या विवाहाची संमतीही आहे आणि त्या तरुणाला स्वतंत्र धर्मक्षेत्र मिळवून देण्याचा अधिकारही. चुलत्याच्या नजरेत तरुणाने शूर ठरावे म्हणून घरात एक बनावट चोरी व्हायला हवी, आणि चोर व्हायचे बर्टीने. ‘जॉय इन द मॉर्निंग’ (१९४६) मधील नॉबी हॉपवुड अज्ञान आहे. पालकाच्या होकाराविना तिला लग्न करता येत नाही. तेथेही बर्टी ओढला जातो. ‘जीव्ज इन द ऑफिंग’ (१९६०) मध्ये तर बॉबी विकहॅम आपली आणि बर्टीची सोयरीक जमल्याची बातमी परस्पर वर्तमानपत्रात देऊन टाकते. हेतू एवढाच की बर्टीसारखा जावई येणार या कल्पनेने आई इतकी हादरावी की आपल्या मनातला खरा वर नंतर तिला देवदूत वाटावा. या मुलींना नवरा म्हणून बर्टी नको आहे. त्यांना तो साधन म्हणून हवा आहे. त्याच्याजवळ स्वतःचा पैसा आहे, रिकामा वेळ आहे, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यांच्याजवळ यांतले शेवटचे सोडल्यास काही नाही. तेही त्यांना फार चांगले येते.

डालिया आत्येचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि तिच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. ती बर्टीची लाडकी आत्या. ऐन तारुण्य कोल्ह्यांच्या शिकारीत घोड्यावर घालवल्यामुळे आवाज मैदानी, बोलणे रोखठोक, प्रेम शिव्यांतून व्यक्त होणारे. ती स्त्रियांसाठी एक साप्ताहिक चालवते. ते साप्ताहिक कधीच फायद्यात नाही. तोटा भरून काढायचा तो नवऱ्याच्या, टॉम ट्रॅव्हर्सच्या, पैशाने. आणि टॉमचा हात सैल सुटतो तो त्याचे पोट ठीक असेल आणि जुन्या चांदीच्या संग्रहात एखादी नवी वस्तू आली असेल तेव्हाच. दुधाची गाईच्या आकाराची एक चांदीची झारी मिळवण्यासाठी ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ मध्ये जे महाभारत घडते त्याच्या मुळाशी एका स्त्रीसंपादकाला साप्ताहिकासाठी हवा असलेला धनादेश आहे. ‘जीव्ज अँड द फ्यूडल स्पिरिट’ (१९५४) मध्ये हीच आत्या एका लोकप्रिय लेखिकेची क्रमशः कादंबरी मिळवण्यासाठी नवऱ्याने दिलेला मोत्यांचा हार गहाण टाकते आणि गळ्यात नकली हार घालून वावरते. टॉम तो हार पारखून घेणार हे कळताच तो चोरून न्यायला ती बर्टीला सांगते. हा प्रसंग वाचताना हसून पोट दुखते. पण आपल्या घरांत किती स्त्रियांनी पाटल्या मोडून, नवऱ्याच्या नकळत, मुलाची फी भरली असेल याची ज्याला कल्पना आहे त्याला या हास्याची दुसरी बाजूही जाणवल्याखेरीज राहत नाही. दागिना अंगावर आहे, पण तो आपला नाही. ही जाणीव वूर्स्टरशायरमध्येही असते तर!

या विवेचनाची एक उलट बाजूने पडताळणीही करता येते. बिंगो लिटलची पत्नी रोझी एम. बँक्स ही यशस्वी कादंबरीकार आहे आणि घर तिच्या लेखणीवर चालते. ती आपल्या नवऱ्यावरील प्रेमाविषयी एक अतिगोड लेख डालिया आत्येच्या साप्ताहिकासाठी ध्वनिमुद्रण-यंत्रात सांगते. मित्रमंडळींत शोभा होईल या भयाने ती मुद्रिका पळवून आणण्याचे कारस्थान कोण रचते? बिंगो. जेथे बायको कमावती आहे तेथे लपवाछपवी, मनधरणी आणि बर्टीला वेठीस धरणे ही सारी कामे नवऱ्याकडे आली आहेत. वुडहाऊसने हे ठरवून केले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण विनोदकाराची नजर खरी असली की तो न ठरवताही समाजाची रचना अचूक टिपून ठेवतो.

अगाथा आत्या या मांडणीत बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. तिला कोणाच्या संमतीची गरज नाही. उलट सर्वांना तिच्या संमतीची आहे. तिचा ध्यास एकच, बर्टीचे लग्न लावून त्याला माणसात आणणे. या व्यक्तिरेखेचे मूळ लेखकाच्या बालपणात सांगितले जाते. वुडहाऊसचे वडील हाँगकाँगमध्ये न्यायाधिकारी होते. दोन वर्षांच्या वयापासून मुलगा इंग्लंडमध्ये दाया, शाळा आणि असंख्य नातेवाईक स्त्रिया यांच्या हाती वाढला. त्यांतील मेरी डीन ही लेखिका मावशी अगाथेचे मूळ असल्याचे त्याने स्वतः मान्य केले होते. चरित्रातून वाङ्मयाकडे जाण्याचा हा मार्ग मला फारसा फलदायी वाटत नाही. तरीही आईविना वाढलेल्या लेखकाच्या सृष्टीत नायकाला आई नाही, आणि आईचे शासन व आईची माया या दोन गोष्टी दोन आत्यांत विभागून गेल्या आहेत, हे नोंदवण्याजोगे आहे. शासनाचा वाटा अगाथेकडे, मायेचा डालियाकडे. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ च्या शेवटी बर्टीला तुरुंगातून वाचवण्यासाठी डालिया आत्या आपला प्राणप्रिय आचारी आनातोल शत्रूला देऊन टाकायला तयार होते, आणि बर्टी आत्येच्या घरची ती भोजने वाचवण्यासाठी तुरुंगात जायला तयार होतो. या पानांत विनोद क्षणभरही ओसरत नाही, आणि जिव्हाळाही लपत नाही.

येथे भाषांतराचा एक प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीतील एकच नातेवाचक शब्द मराठीत आत्या, मावशी, काकू, मामी असा फुटतो. अगाथा आणि डालिया बर्टीच्या वडिलांच्या बहिणी, म्हणून त्या आत्या. पण मराठी ‘आत्या’ बाळाचे नाव ठेवते. माहेरी तिचा मान असतो, हुकूमत असतेच असे नाही. बर्टीच्या आत्यांजवळ हुकूमतही आहे. त्यामुळे शब्द अचूक असूनही अर्थ थोडा उणा पडतो. तिसरी ज्यूलिया ही चुलत्याची विधवा, म्हणजे काकू; आणि काकू म्हटल्याबरोबर ती परघरातून आलेली आहे हे मराठीत आपोआप कळते. इंग्रजी वाचकाला ते कथेतून कळावे लागते. या ज्यूलियाकडे मी शेवटी येणार आहे.

‘ब्रह्मचारी’ हा शब्दही असाच जपून वापरावा लागतो. बर्टीने कोणतेही व्रत घेतलेले नाही. तो आपल्या जुन्या भाषेतला सडाफटिंग. याउलट आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेल्या आणि मास्टर विनायक यांनी १९३८ मध्ये, म्हणजे ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ च्याच वर्षी, पडद्यावर आणलेल्या ‘ब्रह्मचारी’ मधील औदुंबर व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो. किशोरी त्याचा पिच्छा पुरवते ती खरोखर तोच हवा म्हणून. तेथे व्रत हा दंभ आहे आणि तो फुटण्यातच विनोदाची परिणती आहे. म्हणून शेवट मीलनात होतो. बर्टीजवळ फोडण्यासारखा दंभच नाही, म्हणून त्याची कथा दर वेळी मुक्ततेत संपते. मागे जाऊन गडकऱ्यांच्या बाळकरामाची ठकीच्या लग्नाची मोहीम आठवली तर तिसरेच चित्र दिसते. जिच्यासाठी एवढी मोहीम काढली ती ठकी मोहिमेत कोठेच नाही. धावपळ, बोलणी, फजिती सर्व पुरुषांची. स्टिफी किंवा बॉबी कितीही उपद्रवी असल्या तरी त्या आपल्या लग्नाची मोहीम स्वतः चालवतात. ठकीला ती सोय नव्हती, आणि गडकऱ्यांचा विनोद या उणिवेवर बोट ठेवण्याइतका तीक्ष्ण निश्चित आहे.

फ्लॉरेन्स क्रे आणि ऑनोरिया या सुशिक्षित नायिकांवर मात्र वुडहाऊसने अन्याय केला आहे, असे मला वाटते. फ्लॉरेन्स वाङ्निश्चय होताच बर्टीच्या हाती नीतिशास्त्राचा जाडजूड ग्रंथ देते. ऑनोरिया केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात शिकलेली. दोघींनाही पुरुषाला ‘घडवायचे’ आहे, आणि तेच त्यांचे हास्यास्पदत्व. पण १८६९ मध्ये स्थापन झालेल्या गर्टनमधील विद्यार्थिनींना केंब्रिजने पूर्ण पदवी दिली ती थेट १९४८ मध्ये. ऑनोरिया १९२० च्या दशकातली. म्हणजे पुरुषांइतकाच अभ्यास करूनही पूर्ण पदवीचा अधिकार नसलेली ही पिढी. विद्या आहे, तिला क्षेत्र नाही. मग ती एखाद्या बर्टीला सुधारण्यात खर्च होते. हे लेखकाने पाहिलेच नाही. त्याला दिसला तो केवळ तिचा मोठा आवाज. त्याच्या विनोदाची ही मर्यादा प्रेमापोटी झाकण्याचे कारण नाही.

मग बर्टी पळतो कोणापासून? आणि त्याला वाचवतो तो जीव्ज कोणासाठी वाचवतो? निवेदनाच्या दोन अपवादांपैकी एक येथे उपयोगी पडतो. १९२२ मधील एका कथेचा निवेदक स्वतः जीव्ज आहे. एकटेपणाला कंटाळलेला बर्टी हिंदुस्थानातून परतणारी बहीण आणि तिच्या तीन मुली यांच्यासह घर करून राहण्याचा विचार बोलून दाखवतो. लग्नाचा नव्हे, प्रेयसीचाही नव्हे. केवळ घरात मुलाबाळांचा आवाज असावा एवढाच विचार. जीव्ज अस्वस्थ होतो आणि युक्तीने त्याला एका मुलींच्या शाळेत भाषणाला उभे करतो. तेथे जी फजिती होते तिच्यानंतर बर्टी तो विचार कायमचा सोडतो. एकदाच निवेदक बदलतो आणि एकदाच आपल्याला कळते की बर्टीचे अविवाहितपण बर्टीइतकेच जीव्जच्या सोयीचे आहे. कदाचित काकणभर अधिक. घरात गृहिणी आली, भाच्या आल्या, तर या चाकराचे राज्य संपले. एरवी बर्टीच्या शब्दांत आपण ‘सुटका’ म्हणून जे वाचतो त्याला जीव्जच्या शब्दांत ‘बंदोबस्त’ म्हणावे लागेल.

आता ज्यूलिया काकू. १९१५ मधील त्या पहिल्याच कथेत अगाथा आत्या बर्टीला न्यूयॉर्कला पाठवते, कारण ज्यूलियाचा मुलगा गसी (हा न्यूटवाला नव्हे) तेथे एका नाट्यगृहातील गायिकेच्या प्रेमात पडला आहे. ज्यूलिया स्वतः पूर्वी रंगमंचावरचीच. घराण्यात आल्यावर अगाथेने तिला शिस्त लावून अशी काही खानदानी बनवली आहे की तिचे मूळ कोणाला ओळखू येऊ नये. बर्टीच्या हातून काही होत नाही, तेव्हा तो ज्यूलियाला बोलावून घेतो. ती येते, दगडी चेहऱ्याने नाट्यगृहात बसते; आणि आपल्या तरुणपणचा जुना सहकारी रंगमंचावर दिसताच तिचा चेहरा विरघळतो. ती रडते. पंचवीस वर्षांचे खानदानीपण एका प्रवेशात गळून पडते आणि कथेच्या शेवटी ती त्याच्याशी लग्न ठरवून पुन्हा रंगमंचाकडे निघते. या कथेत जीव्जला जेमतेम एखाददुसरे वाक्य आहे. कोणाची सुटका करण्याचे काम अजून त्याच्याकडे आलेले नाही. बर्टी न्यूयॉर्कमध्येच थांबतो, कारण ज्यूलिया सुटली हे अगाथा आत्येला जाऊन सांगण्याची त्याची छाती होत नाही.